खारीचा पुढचा शब्द

सोमवार, ४ सप्टेंबर

अखेर मला स्वतःची केस मिळाली. इतके महिने विशेष मुलांच्या सेंटरमध्ये दुसऱ्यांच्या मागे खुर्च्या सरकवल्या, खेळणी पुसली, मुलांच्या नाकांखाली रुमाल धरले. आता सोमवार, बुधवार, शुक्रवार दुपारी एका घरी जायचं आणि एका मुलीबरोबर काम करायचं. सकाळपासून मी इतकी हुरळून गेले होते की ताईनं विचारलं, परस्पर लग्नबिग्न ठरवलंस का.

निघायच्या आधी मॅडमनी पुन्हा एकदा सगळं घोकून घेतलं. मॅडम म्हणजे सेंटरमधल्या आमच्या वरिष्ठ. मुलाला काय शिकवायचं ते त्या ठरवतात, मी फक्त राबवायचं. कुणाच्या घरी खायचं-प्यायचं नाही, पाणी तेवढं चालेल. वस्तू घ्यायची नाही, द्यायची नाही. आपलं घरगुती काही बोलायचं नाही. पालक घरात नसतील तर मुलाबरोबर थांबायचं नाही. मुलाचं नाव कुठे लिहायचं नाही, अगदी रोजनिशीतही नाही. मी म्हटलं, मॅडम, एवढं तर सासरी जाताना सांगत नाहीत. त्या हसल्या नाहीत.

तर नाव लिहीत नाही. मी तिला खार म्हणणार, कारण दिसेल तो कपड्यांचा चिमटा ती उचलते आणि फ्रॉकच्या खिशात साठवते. वय सहा. केस बारीक कापलेले, गुडघ्यावर खपली, डोळे मोठे आणि शांत. आजवर एक शब्द बोललेली नाही.

घर तिसऱ्या मजल्यावर आहे. जमीन पुसायच्या औषधाचा वास, खिडकीला करडा पडदा, आतल्या खोलीत बुटकं टेबल आणि दोन छोट्या खुर्च्या. बाबा मऊ आवाजात बोलतात, इस्त्रीचा शर्ट घालून घरातच काम करतात. आई सडपातळ. अंगात सैल निळा स्वेटर, आणि मी होते तेवढा वेळ त्या एकदाही बसल्या नाहीत. त्यांनी कॉफी आणली. मी नियम सांगून नको म्हटलं, तर त्यांचा चेहरा पडला आणि त्या कप तसाच धरून उभ्या राहिल्या. मला वाईट वाटलं, पण पहिल्याच दिवशी नियम मोडणाऱ्यातली मी नाही.

शुक्रवार, ८ सप्टेंबर

काम मस्त चाललंय. आमची पद्धत सोपी आहे. मुलानं सांगितलेलं केलं की तत्क्षणी बक्षीस, जरासुद्धा उशीर नाही. खारीला साबणाचे फुगे आवडतात. जमत नसेल तर आधी मनगट धरून करून घ्यायचं, मग नुसता कोपराला स्पर्श, मग नुसती नजर, आणि शेवटी तेही नाही. मूल आपलं आपण करायला लागतं आणि आपण हळूच बाजूला होतो.

ठोकळे रंगाप्रमाणे लावताना तिला मनगटापासून कोपरापर्यंत यायला दोनच दिवस लागले. हुशार आहे पोरगी. मात्र तोंडातून हूं की चूं नाही.

एक गंमत. मी खारीचं मनगट धरलं की दारात उभ्या असलेल्या आईंचा हातही हवेत तस्साच वळतो. मी शाबास म्हणायच्या आधी त्यांचे ओठ शाबास म्हणतात, तेही आम्हाला शिकवलेल्या चढ्या सुरात. मी त्यांना म्हटलं, तुम्हीच घ्या माझी नोकरी. त्या दचकल्या आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या.

बुधवार, १३ सप्टेंबर

आज घसा बसला होता. आईंनी कॉफीचा कप टेबलावर ठेवला आणि तिथेच उभ्या राहिल्या. किती वेळा नाही म्हणायचं माणसानं? अवघडून एक घोट घेतला.

आणि खार बोलली. प. नुसता प, ओठ मिटून, पण स्वच्छ. कप माझ्या ओठांना लागला आणि त्याच क्षणी.

मी इतके फुगे उडवले की टेबल ओलं झालं. आई रडायला लागल्या. बाबा धावत आले आणि मला म्हणाले की तुमच्या हाताला यश आहे. जिना उतरताना माझे पाय जमिनीवर नव्हते. मॅडमना फोन करून सांगितलं. कॉफीचं नाही सांगितलं. घोटभर कॉफीचं काय सांगायचं!

सोमवार, १८ सप्टेंबर

शुक्रवारी मी शहाण्यासारखी कॉफी नाकारली आणि खारीनं दीड तास तोंड उघडलं नाही. आज कॉफी प्यायले, अख्खा कप, तरी काही नाही. मग आईंनी घरातल्या सपाता माझ्यापुढे ठेवल्या. म्हणाल्या, फरशी गार आहे हो, घाला. त्यांच्याच होत्या, मला अगदी मापाच्या. मी पाय सरकवला आणि खार म्हणाली, पाणी.

पूर्ण शब्द. सहा वर्षांत पहिला. सेंटरमध्ये सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मॅडम म्हणाल्या, छान, पण तू नेमकं काय केलंस ते तपशिलात सांग, म्हणजे दुसऱ्यालाही करता येईल. मी ठोकळ्यांचं सांगितलं. खोटं नव्हतं ते. ठोकळे समोर होतेच.

शुक्रवार, २२ सप्टेंबर

आज मी आईंना आमच्या आईबद्दल सांगितलं. ती गेली तेव्हा मी किती लहान होते, ताईनंच मला कसं वाढवलं, आई ही हाक मी कुणाला मारल्याचं मला आठवत कसं नाही. हे मी ताईलाही कधी बोलले नाही. सांगायचं ठरवलं नव्हतं, पण आईंनी विचारलं, तुमचे आईवडील काय करतात, आणि खार चिमटे सोडून माझ्याकडे बघत बसली, वाट बघत. बोलून संपलं तशी ती आली, माझ्या मांडीवर डोकं ठेवलं आणि म्हणाली, ये.

मला ही मुलगी फार आवडते. असं लिहायचं नसतं, वाटूनही घ्यायचं नसतं, पण वाटतं त्याला काय करू? मॅडम म्हणतात अंतर ठेवलं की मुलाचं भलं होतं. इथे तर अंतर कमी झालं की शब्द येतो. पुस्तकवाल्यांनी एकदा येऊन बघावं.

बुधवार, २७ सप्टेंबर

बाबा आईंकडे हात करून म्हणाले, डॉक्टरकडे जायचंय, हिला बरं नाही, अर्धा तास फक्त, तुमच्यावर आमचा डोळे झाकून विश्वास आहे. मी नाही म्हणायला तोंड उघडलं. खारीनंही उघडलं. मी थांबले, बघत राहिले. तिनं मिटलं नाही.

मी म्हटलं, बरं, जाऊन या.

इथे बस, असं म्हणाली खार. दोन शब्द.

आई जिन्यात पोचल्यावर एकदा वळून हसल्या. मी आल्यापासून त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

सोमवार, २ ऑक्टोबर

आईंचा निळा स्वेटर खोलीतल्या खुंटीवर होता. खारीनं माझं मनगट धरलं, मला खुंटीपर्यंत नेलं आणि माझा हात स्वेटरवर ठेवला. मला हसू आलं. घातला. ती म्हणाली, छान. दुसऱ्यांदा स्वेटर काढून ठेवला तेव्हा तिनं मनगट धरलं नाही, नुसता कोपराला हात लावला. तिसऱ्यांदा नुसतं खुंटीकडे बघितलं.

चौथ्यांदा तिनं काहीच केलं नाही. मीच उठून घातला.

घरी आल्यावर ताई म्हणाली, हा कुणाचा घालून आलीस? मला पत्ताच नव्हता.

बुधवार, ४ ऑक्टोबर

मॅडम बघायला आल्या. खारीनं चिमटे मांडले, ठोकळे लावले आणि ओठ घट्ट मिटून बसली. मी जंग जंग पछाडलं. माझी अक्षरशः नाचक्की झाली.

मॅडम तिच्याकडे थोडाच वेळ बघत होत्या. मग माझ्या पायांकडे, मग माझ्या बाह्यांकडे. आम्ही खाली रस्त्यावर आलो. मग हळू आवाजात म्हणाल्या की मुलीची प्रगती खरी असेल तर ती तुझ्याशिवायही दिसायला हवी. म्हणाल्या, मी तुला रागावत नाही, हे प्रत्येकीचं एकदा होतं, पण हा आठवडा झाला की तू या घरी जायचं नाहीस, मी दुसरी मुलगी पाठवते. तू शुक्रवारी नीट निरोप घे आणि स्वेटर परत कर.

मी हो म्हटलं. आणि मनात आलं ते लिहून टाकते: दुसरी कुणी आली तर शब्द तिला मिळतील. 

शुक्रवार, ६ ऑक्टोबर

निरोप घेतला नाही. कॉफी प्यायले, सपाता घातल्या, स्वेटर घातला. शब्द नाही. तिला मांडीवर घेतलं. नाही. हातानं भरवलं. नाही. तिच्या खोलीतली चादर बदलली, तिचे फ्रॉक धुतले, वाळत घातले. चिमटे तिनंच दिले, एकेक करून. शेवटचा चिमटा लावला तेव्हा म्हणाली, उद्या.

गाणं गुणगुणत जिना उतरत होते. पहिल्या मजल्यावर पाय थांबले.

हे मी ओळखते. आधी दरवेळी बक्षीस द्यायचं. सवय लागली की जुन्याला द्यायचं नाही, पुढची पायरी केली तरच. मग तेही कधी द्यायचं, कधी नाही, कारण कधी मिळेल हे कळेनासं झालं की मूल ती गोष्ट सोडत नाही. आधी मनगट, मग कोपर, मग नजर. त्याच क्षणी, जरासुद्धा उशीर नाही. हे आम्ही करतो. मी रोज खारीनं काय केलं ते बघत होते. मी काय करतेय ते कुणीच बघत नव्हतं. म्हणजे कुणीच नाही असं नाही.

जिन्याचा कठडा धरून उभी होते. वर बघितलं. खार दारात उभी होती आणि माझ्या हातांकडे बघत होती.

सोमवार, ९ ऑक्टोबर

खरं तर जायचं नव्हतं. स्वेटर देऊन दारातूनच परतायचं असं ताईला सांगून निघाले.

दार आईंनी उघडलं. पायांत बाहेरचे बूट, हातात छोटी बॅग. मला बाजूला घेऊन भराभर बोलल्या. मीही अशीच आले, म्हणाल्या, सेंटरमधून, बुधवार-शुक्रवारची. मलाही पहिला प मिळाला. मी विचारलं, किती वर्षं झाली. तर त्यांनी स्वतःचे केस बाजूला करून पिकलेली बट दाखवली. मी म्हटलं, पण ती तर सहा वर्षांची आहे. त्या म्हणाल्या, तेव्हाही सहाचीच होती.

बाबा मागे येऊन उभे होते. मऊ आवाजात, हसत म्हणाले की ते स्वतः या घरी खिडकी दुरुस्त करायला आले होते. खिडकी अजून तशीच आहे, म्हणाले. पडद्यामागे.

आई म्हणाल्या, तू आल्यापासून मला एक शब्द नाही मिळाला बघ, सगळे तुला. मी तिची आई झाले होते गं. आई म्हणायची मला. तुला अजून म्हणाली नाही ना? मग पळ. तो शब्द ऐकायच्या आधी पळ.

मी पळाले. दोन दोन पायऱ्या. आई माझ्या मागून उतरल्या. रस्ता ओलांडला तेव्हा वाटलं, दोघीही सुटलो.

बुधवार, ११ ऑक्टोबर

गेले नाही. मॅडमना सगळं सांगितलं, सपातांपासून. खार मला बक्षीस म्हणून शब्द देते असं सांगितलं तेव्हा त्या माझ्याकडे काळजीनं बघत राहिल्या. रजा घे म्हणाल्या. आणि म्हणाल्या की त्या घराचा विषय तसाही मिटला, वडिलांनी कळवलंय, आता कुणी नको, मुलीची सोय घरातच झाली.

घरातच.

दुपारी ताईनं मला दारात धरलं. माझ्या पायांत चपला होत्या. मी म्हटलं, दूध आणायला. दूध सकाळीच आणलं होतं.

शुक्रवार, १३ ऑक्टोबर

फक्त समोरच्या फुटपाथवरून बघायचं ठरवलं होतं. तिथे जागा रिकामी नव्हती. आई होत्या. तीच बॅग, तेच बूट. वर खिडकीकडे बघत. सोमवारपासून इथेच आहेत, त्यांच्या ओठांना भेगा पडल्यात. मी दंड धरून हलवलं. त्या म्हणाल्या, एकदा म्हणाली की जाईन. आता म्हणेलच. सरक जरा, दिसत नाही.

बक्षीस बंद केलं की सवय मरते. अधूनमधून दिलेलं असेल तर मरत नाही. हे मी परीक्षेत लिहिलं होतं.

पडदा हलला. मी वर गेले. का गेले ते लिहिता येत नाही. फोन खारीच्या खिशात ठेवला, चिमट्यांत. राहा, म्हणाली.

सोमवार, १६ ऑक्टोबर

इथेच आहे. बाबा विचारतात कॉफी घेणार का. मी सगळ्यांसाठी करते. बसत नाही, बसले की ती नजर हटवते.

आज तिनं माझं मनगट धरून हात दाराच्या कडीवर ठेवला. मी हात काढून घेतला. तिनं पुन्हा ठेवला. चिडत नाही. आम्हीही चिडत नाही, शिकवताना चिडायचं नसतं—

शब्द नाही. शनिवारी नाही, काल नाही. आज नाही. आई खाली अजून—

बुधवार, १८ ऑक्टोबर

ताईला पत्ता मॅडमनी दिला असणार. तिची गाडी खाली थांबली. ती हाका मारत जिना चढतेय. माझी ताई. सुटले—

दार नुसतं लोटलेलं आहे. कडी मोकळी. मला काही करायचं नाही, फक्त बसून राहायचं. हात मोकळे सोडायचे नाहीत म्हणून लिहितेय. लिहिणारा हात कडी लावू शकत नाही. लिहीत राहा. लिहीत राहा.

खार समोर उभी आहे. मनगट धरत नाही. कोपरही नाही. नुसती कडीकडे बघतेय.

पहिला मजला. ताई दमते जिन्यानं, तिला दम—

खारीनं तोंड उघडलं. आवाज नाही. आधी मी, मग ती. तोंड उघडंच. कुठला शब्द ते दिसतंय मला, ओठांवरून दिसतंय, कुणालाही दिसेल—

दुसरा मजला. ताई, लवकर ये. ताई, नको येऊस, जरा थांब, जरासं—

मला फक्त एकदाच ऐकायचंय. कडी लावते, ऐकते आणि लगेच काढते. मग ताईबरोबर घरी. एकदाच. त्यानं काय होतंय, एवढीशी कडी ती, एका हातानं—